गाडीचे साडेआठ, कचेरीचे आठ

मी बरीच वर्षं ठाण्याचा फौजदार होतो, शहरच्या सगळ्या पोलिसांचा मुख्य, असं आता कल्याणला पेन्शनीत बसून सांगितलं की लोक माझ्या काडीसारख्या अंगाकडे बघून हसतात. हसू देत. माझे वडील कल्याणच्या मराठी शाळेत पंतोजी होते. शिकलेल्या मुलानं मामलेदार कचेरीत कारकून व्हावं, पोलिसात फक्त शिव्या शिकायला मिळतात, असं त्यांचं ठाम मत. मी पोलिसात लेखनिक म्हणून चिकटलो, तेव्हा ते चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात बोलले ते एवढंच, "निदान अक्षर तरी नीट ठेव."

त्या अक्षरावरच मी वर चढलो. आमच्या जमादारांना चोर पकडता येत, पण पकडल्यावर कागद करायची वेळ आली की त्यांना घाम फुटे. ते काम माझ्याकडे येई. पुढं मी हवालदार झालो, जमादार झालो, आणि बत्तिसाव्या वर्षाच्या आसपास असताना ठाण्याचे फौजदार दुखणं घेऊन रजेवर गेले. त्यांच्या जागी मला तात्पुरतं बसवलं. सुपरिंटेंडेंट साहेब म्हणाले, काम बघून कायम करू. मग काय विचारता! उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. चोरी व्हायचा अवकाश, चोर पकडून दाखवतोच, अशी माझी अवस्था.

आणि चोरी झाली. बाजारपेठेतल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याचं घर. कचेरीच्या तासाचे सकाळी आठ ठोके पडले तेव्हा घरच्यांनी कुलूप लावलं आणि सगळे तलावाजवळच्या देवळात गेले. अर्ध्या तासानं परत आले तर मागचं कुलूप तुटलेलं, पेटी उघडी, बायकोचे दागिने नाहीत. शेजारणीनं सांगितलं, जवळच्या बाळकुम गावचा ख्रिस्ती भाजीवाला सकाळी त्याच मागच्या दाराशी होता. तो रोज भाजी द्यायला तिथं येत असे, हे मी कानाआड केलं.

दुपारी त्याला आणलं. चाळिशीचा, काळासावळा, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. म्हणाला, "सायब, शेठाणीला भाजी दिली नि सरळ टेशनावर गेलो. टोपल्या मुंबईच्या गाडीत घातल्या. मी चोरी नाय केली, देवाची आण."

मी स्टेशनात माणूस पाठवला. तिथल्या बाबूच्या वहीत टोपल्या घेतल्याची वेळ लिहिलेली होती, आठ वाजून पस्तीस मिनिटं. बास! आठाला घर बंद झालं, स्टेशन तिथून पायी पंधरा मिनिटांवर. कुलूप फोडायला, दागिने लपवायला आणि टोपल्या घेऊन स्टेशन गाठायला हवा तेवढा वेळ. मी सुंदर अक्षरात कागद केले, आणि खटला मॅजिस्ट्रेटपुढं जाईपर्यंत त्याला कोठडीत टाकलं.

त्याची बायको रोज बाळकुमहून चालत येऊन चौकीसमोर बसे. रडत नसे, बोलत नसे. आमच्या शिपायानं हाकललं की दहा पावलं मागं सरकून पुन्हा बसे. तिच्याकडे बघायला नको म्हणून मी मागच्या दारानं जाऊ लागलो. मला खात्री होती तर मी तोंड का चुकवत होतो, हे तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

खटल्याच्या दिवशी सुपरिंटेंडेंट साहेब मुद्दाम मुंबईहून येणार होते. माझ्या कायम नेमणुकीचा कागदही त्यांच्याबरोबर येणार, अशी कुणकुण होती. मी कडक इस्त्रीचा पोशाख घालून फलाटावर उभा राहिलो. गावाकडून कचेरीचा तास वाजू लागला. सवयीनं मोजला, नऊ. समोर स्टेशनच्या घड्याळात साडेनऊ वाजले होते.

मी तिथंच बोटांवर हिशेब केला.

आता रेल्वेची घड्याळं त्या काळी मद्रासच्या वेळेवर चालत आणि कचेरी मुंबईच्या वेळेवर. दोन्हींत जवळजवळ अर्ध्या तासाचं अंतर. हे ठाण्यात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. गाडी धरायची तर अर्धा तास आधी निघायचं, हे आमच्या पायांनाच माहीत होतं, त्यासाठी डोकं लागत नसे. म्हणूनच कागद लिहिताना माझं डोकं चाललं नाही. बाबूच्या वहीतले आठ पस्तीस म्हणजे कचेरीचे आठ वाजून पाच मिनिटं. पाच मिनिटांत कुलूप फोडून, पेटी उपसून, टोपल्या घेऊन स्टेशनात पोचायला तो भाजीवाला होता की गरुड? चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळी उभारणारा मी.

गाडी आली. साहेब उतरले, माझ्या खांद्यावर थाप मारून हसले. आम्ही कचेरीकडे निघालो. खोटं कशाला सांगू, गप्पच राहावं असं दोनदा मनात आलं. कोण ताडून बघणार होतं? पण कचेरीच्या दारात ती बाई बसलेली होती, आणि या खेपेला मागचं दार नव्हतं.

आत गेल्यावर मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांचं घड्याळही गाडीच्या वेळेवर! कोर्ट उघडायची वेळ झाली म्हणून ते घाई करत होते. ते हसले नाहीत. मोडक्या मराठीत म्हणाले, "मॅजिस्ट्रेटला तुम्ही सांगणार. मी नाही."

मी भर कोर्टात उभा राहून सांगितलं. बाबूला वही घेऊन बोलावलं, त्यानंही तेच सांगितलं, शिवाय गाडीचे नऊ वाजेपर्यंत भाजीवाला फलाटावरच होता, हेही. मॅजिस्ट्रेटनी मला असं फाडलं की आजही कान गरम होतात, आणि भाजीवाल्याला तिथंच सोडलं. माझा जीव भांड्यात पडला. जमादारीवर परत पाठवतील, घरी बसवतील, काही का होईना, तो माणूस सुटला होता. इतकं हलकं मला लग्नात वाटलं नव्हतं.

भाजीवाला मात्र जाईना. म्हणाला, "सायब, गावात कोन मानल? लिवून द्या."

मी लिहून दिलं, चूक माझी, माणूस निर्दोष, खाली सही. वडिलांना आवडावं असं अक्षर. दागिने पुढं महिन्याभरानं मिळाले. चोर व्यापाऱ्याचाच पुतण्या निघाला. नेमणूकही झाली, पण उशिरा, आणि नोकरीच्या वहीत एका ओळीचा शेरा घेऊन.

तो कागद रविवारी बाळकुमला देवळात पाद्री वाचून दाखवणार, असं कळलं. घरी न सांगता मी गेलो. ब्राह्मणाचा मुलगा ख्रिस्ती देवळात गेल्याचं आईच्या कानावर गेलं असतं, तर तिनं मला आठवडाभर ओटीवर जेवायला घातलं असतं. मी पागोटं सावरत दाराशीच उभा राहिलो. पाद्रीनं माझा शब्द न् शब्द वाचला. माना वळल्या. म्हाताऱ्या बायका मला पायापासून डोक्यापर्यंत बघत होत्या. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

भाजीवाला मागच्याच बाकावर बसला होता. त्यानंही वळून पाहिलं. मग बायकोला कोपरानं ढोसलं, दोघं आत सरकली, आणि बाकाच्या टोकाला एका माणसापुरती जागा झाली.