बंद दुकानांचा माल

माझी थोरली जाऊ आणि मी, आम्ही दोघी वर्षातून पाच-सहा वेळा जुन्नरला जायचो आणि दर वेळी घरी काहीतरी कारण सांगून निघायचो. मिक्सरच्या भांड्याला पातं बसवायचंय, चष्म्याची काडी मोडलीय, अंगणवाडीचा कागद पंचायत समितीत द्यायचाय. काम खरं असायचं, पण दहा मिनिटांचं. उरलेला वेळ आम्ही एका दुकानात घालवायचो आणि तिथून घरात कुणालाच नको असलेली एखादी वस्तू घेऊन यायचो.

आमचं घर निमगाव सावाला. दोन भाऊ, एकत्र चूल, कांदा, टोमॅटो आणि चार गाई. मी अंगणवाडीत सेविका. जाऊबाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या, मी त्यांना आक्का म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिली काही वर्षं त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. ‘मीठ कमी घाल’, ‘वैरण टाकली का’, एवढंच. रागीट नव्हत्या. घरात रुजू झालेल्या बाईला बोलायचं काय असतं, असं त्यांना वाटत असावं.

ते दुकान सापडलं एप्रिलच्या उन्हामुळे. आम्ही जुन्नरच्या पेठेत नणंदेच्या मुलीसाठी झबलं शोधत होतो. आक्कांना चक्कर आल्यासारखं झालं म्हणून एका बोळात सावलीला शिरलो. बोळ संपतो असं वाटतं तिथे एक उघडं दार होतं. पाटी नव्हती. आत एक म्हातारे मुसलमान गृहस्थ स्टुलावर बसून काचेची बरणी पुसत होते. त्यांनी आधी पाणी दिलं, मग म्हणाले, “बसा ताई. बरं वाटलं की बघा काय बघायचं ते.”

“काय मिळतं हितं?” आक्कांनी विचारलं.

“मागाल ते न्हाई मिळणार. जे हाये ते बघायचं. बघायला पैसं पडत न्हाईत.”

त्यांचा धंदा असा होता: तालुक्यात कुठंही एखादं दुकान कायमचं बंद झालं, की चाचा, आम्ही त्यांना असंच म्हणायला लागलो, टेम्पो घेऊन जायचे आणि उरलेला सगळा माल उचलून आणायचे. मढच्या किराणा दुकानाच्या गोळ्यांच्या बरण्या. आणे पठारावरच्या शिंप्याकडची डबा भरून बटणं, त्यातली कुठलीही दोन सारखी नाहीत. कुठल्याशा छापखान्यातले लग्नपत्रिकांचे नमुने, न झालेल्या लग्नांचे. काटे नसलेली घड्याळं, घड्याळं नसलेले काटे. सगळं एकावर एक.

आक्का उठल्या आणि हात मागे बांधून दुकानाला एक फेरी मारून आल्या. कशाला हात लावला नाही. मग सरळ एका फळीशी गेल्या आणि चिमणीसारखी चिवचिवणारी दारावरची बेल उचलली. चाचांनी सेल घालून वाजवून दाखवली. आक्का हसल्या. आठ वर्षं एका घरात राहून मी त्यांचे खालचे दात पहिल्यांदा पाहिले.

घरी सासरे म्हणाले, “आपलं दार रातंदिस सताड उघडं. ही वाजवणार कोण?”

“वाजवंल कुनीतरी,” आक्का म्हणाल्या. आणि महिनाभर चहा झाला की त्या स्वयंपाकघरातून ती बेल वाजवायच्या. गडीमाणसं वैतागली, पण चहाला मात्र वेळेवर यायला लागली.

त्यानंतर आम्हाला नादच लागला. दुसऱ्या जागाही धुंडाळल्या. माझं माहेर घोडेगावजवळ, तिकडे जाताना मंचरला उतरून एका जुन्या हार्डवेअरवाल्याकडे तासभर रेंगाळायचो. त्याच्याकडे पितळी कड्याकोयंडे होते आणि तो स्वतः दिवसभर झोपलेला असायचा. पण चाचांची सर कुठेच नव्हती.

आक्कांची पद्धत कधी बदलली नाही. आधी हात मागे बांधून फेरी, मग एकच वस्तू. मी घुटमळायचे, हे घेऊ की ते. त्या म्हणायच्या, “इचार करू नगं. इचार केला की वस्तू नको व्हती.” मी विचारलं, “पण कशाला घ्यायची मग?” त्यांनी पैसे मोजून दिले. स्टँडवर गाडीची वाट बघताना म्हणाल्या, “घरात जे जे येतं ते कशाला तरी येतं. खत येतं, तेल येतं, मीबी तशीच आले. एखादी वस्तू उगंच यावी.”

सगळ्यात मोठी खरेदी माझ्या माहेराहून परतताना, घोडेगावच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतली. प्लायवूडची चंद्रकोर, माणूस बसेल एवढी, रुपेरी रंग दिलेली. पूर्वी जोडपी तिच्यावर बसून फोटो काढायची. आम्ही दोघींनी ती दोन्ही टोकांना धरून स्टँडवर आणली. कंडक्टर दारात आडवा उभा राहिला.

“बाई, ह्याचं तिकीट काढावं लागंल.”

“अर्धं काढा,” आक्का म्हणाल्या, “अर्धाच चंद्र हाये.”

सगळी गाडी हसली. नारायणगावला उतरून दुसरी गाडी धरायची होती, तिथेही लोकांनी हात लावला. त्या संध्याकाळी गोठ्यामागे आक्का चंद्रावर बसल्या आणि मी फोनवर फोटो काढला. तेव्हा त्या पन्नाशीला आल्या होत्या. पाय जमिनीला टेकत नव्हते, ते त्या हलवत होत्या. यानंतर जे झालं ते सांगताना मला हा दिवस आधी सांगावा लागतो, नाहीतर आमचं काय गेलं ते कळणार नाही.

आक्कांना साखर होती. गोळ्या चालू होत्या, कधी घ्यायच्या, कधी राहायच्या. एक दिवस दुकानात त्या म्हणाल्या, “हा निळा गिलास दे.” गिलास हिरवा होता. मी आणि चाचांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या खेपेला त्या फेरी मारताना पायरीवर अडखळल्या. मग एका सकाळी उठून म्हणाल्या, “माझ्या डोळ्यासमोर कोळीष्टकं आलीत.” हाताने झटकत होत्या. नारायणगावच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. लेसर झालं, डोळ्यात सुया झाल्या, त्याही पुन्हा पुन्हा. तिथले डॉक्टर चांगले होते. पहिल्यांदा म्हणाले, आहे तेवढी नजर टिकवू. वर्षभराने म्हणाले, आता यापेक्षा काही करता येण्यासारखं नाही. उजेड-अंधार आणि समोर काहीतरी हलतंय, एवढंच उरलं.

घरी आल्यावर आक्का तीन आठवडे ओट्यावर बसून होत्या. मग एक दिवस मला म्हणाल्या, “मिक्सरचं भांडं गळतंय का गं?”

भांडं गळत नव्हतं. आम्ही जुन्नरला गेलो.

चाचांनी वाटेतला पसारा बाजूला करून ठेवला. मी आक्कांचा हात धरून फेरी मारली आणि डावीकडे काय, उजवीकडे काय ते सांगत गेले. त्यांनी हात पुढे केले. आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानातल्या वस्तू चाचपत होत्या. धूळ लागली की बोटं पदराला पुसत होत्या. एका चिनी मातीच्या कोंबडीवर त्यांचा हात थांबला.

“कोंबडी हाये ना? रंग कसाय?”

कोंबडी कोरी होती. कारखान्यात रंगवायची राहून गेलेली, पांढरीफटक. चोचीला टवका उडालेला. पण आक्कांच्या चेहऱ्यावर काहीतरी यायला लागलं होतं आणि ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

“तांबडी हाये,” मी म्हणाले. “पाय पिवळे. तुरा असा लालभडक की काय सांगू.”

“आन् डोळं?”

“काळं. बारीक. रागानं बघती.”

आक्का हसल्या. चाचांनी कोंबडी कागदात गुंडाळून दिली. त्यानंतरच्या दोन खेपांत मी असंच करत गेले. गंजलेल्या डब्यावर मोर रंगवले. फुटक्या काचेला नक्षी चढवली. मला त्यात मजाही वाटायला लागली होती, हे कबूल करते. मी खूप चांगलं वर्णन करते, असं मला वाटत होतं.

दिवाळीआधी घर झाडताना आक्कांच्या सुनेने सहज विचारलं, “आई, ही पांढरी कोंबडी कुठं ठेवू?”

मी चुलीपाशी होते. आक्का तिच्याकडे वळल्या, मग माझ्या दिशेने वळल्या. “ठेव कुठंबी,” एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, तिथेच मिटलं. पुढच्या खेपेला दुकानात मी नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी माझा हात सोडला आणि चाचांना विचारलं, “चाचा, ह्या ताटलीचा रंग काय?”

चाचा गडबडले. माझ्याकडे बघत म्हणाले, “मातकट हाये, मोठ्या ताई. कडा झिजलीय.”

“बरं,” म्हणून त्यांनी ताटली खाली ठेवली.

येताना गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो. गर्दी नव्हती. नारायणगाव जवळ आल्यावर त्या बोलल्या.

“मी आंधळी झाले. येडी न्हाई झाले.”

“आक्का, मला वाटलं तुमाला बरं वाटंल…”

“लई बरं वाटलं. तीन म्हैने त्या कोंबडीवर हात फिरवून तांबडा रंग आठवत व्हते.” मग म्हणाल्या, “जे न्हाई ते बघायला मला तुजी काय गरज? ते मला एकटीलाबी दिसतं. जे हाये ते सांगायला तू पाहिजे व्हतीस.”

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माफीचं काय. आता पुढं खरं सांग म्हंजे झालं.”

म्हणून मी खरं सांगायला लागले. आणि त्यानेच आमचा खेळ संपवला.

पुढच्या खेपेला मी एक एक वस्तू उचलून आहे तशी सांगितली. प्लॅस्टिकची फुलं, ऊन लागून पांढरी पडलेली. फ्रेम, आतला कागद वाळवीने खाल्लेला. खेळण्यातली बस, चाकं तीन. आक्का प्रत्येक वेळी म्हणायच्या, “मग ऱ्हाऊ दे.” त्यांना डोळे होते तेव्हा त्यांनी याच वस्तूंमधून निवडलं होतं. तो टवका, तो गंज, ते तुटकं चाक त्यांनी तेव्हाही पाहिलं असणार. पण पाहताना आणखी काहीतरी दिसत असावं, जे मला शब्दात धरता येत नव्हतं. मी खोटं बोलले की ते भलतंच काही व्हायचं आणि खरं बोलले की काहीच उरायचं नाही. आणि वाईट असं झालं, की खरं सांगता सांगता मलाही ते दुकान तसंच दिसायला लागलं. लोकांना नको झालेल्या सामानाचं गोदाम. कुबट वास. मी इतकी वर्षं इथे काय बघत होते, ते मला आठवेना.

त्या दिवशी आम्ही काही न घेता निघालो. चाचांनी दारात आक्कांच्या हातात एक छोटी पितळी डबी ठेवली. “ही न्या ताई. पैसं नकोत. किती वर्षं येताय तुमी.”

आक्कांनी डबी उघडली, झाकली, नखाने वाजवून पाहिली. परत दिली. “फुकट घेतलं तर घेतल्यासारखं वाटत न्हाई, चाचा.”

“मग द्या काहीबी.”

“न्हाई. मन झालं न्हाई.”

चाचा डबी धरून उभे राहिले. पुढे कधीतरी त्यांनी मला सांगितलं, त्यांच्या दुकानात आक्का एकट्याच अशा होत्या ज्यांनी घेताना कधी वस्तूचा उपयोग विचारला नाही.

त्यानंतर आक्का जुन्नरला आल्या नाहीत. मी दोनदा म्हणाले, जायचं का? त्या म्हणाल्या, “भांडं गळतंय का?” मी म्हणाले, नाही. “मग कशाला?” त्या रुसल्या नव्हत्या, माझ्याशी नीट बोलतात. लसूण सोलतात, शेंगा फोडतात, नातीची वेणी घालतात आणि ती सरळ येते. कुणी आलं-गेलं तर पावलांवरून ओळखतात. सून फोनवरून सामान मागवते, खोकी येतात. तिने एकदा खोकं आक्कांच्या मांडीवर ठेवलं, म्हणाली, “उघडा की आई.” आक्कांनी विचारलं, “काय हाये?” सून म्हणाली, “पायपुसणी.” आक्कांनी खोकं तसंच तिच्याकडे सरकवलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या गोळ्या आणायला मी एकटी जुन्नरला गेले. गोळ्या घेतल्या आणि गाडीला वेळ होता म्हणून बोळात शिरले. चाचा खूप वाकलेत. माल कमी झाला होता. म्हणाले, आताशा बंद पडणाऱ्या दुकानांत निघतं काय, तर मोबाईलची कव्हरं आणि चार्जर. पोती भरून आहेत, कोण घेतंय? मग विचारलं, “मोठ्या ताई कशा हायेत?”

“हायेत,” मी म्हणाले.

मी हात मागे बांधून फेरी मारायचा प्रयत्न केला. मोबाईलची कव्हरं, एक सायकलची सीट, पत्र्याची चाळण, एका शाळेची जुनी घंटा. मी प्रत्येक वस्तूपाशी थांबले. कुठलीच मला नको होती. चाचा म्हणाले, चहा मागवतो. मी म्हणाले, गाडी चुकेल. गाडीला अजून अर्धा तास होता.

घरी पोचले तेव्हा आक्का अंगणात उन्हाकडे पाठ करून बसल्या होत्या. मी गोळ्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाकिटं बोटांनी मोजली, सकाळच्या एका बाजूला, रात्रीच्या एका बाजूला केल्या. गाडीला गर्दी होती का, विचारलं. मी म्हणाले, नव्हती. मी पाय धुऊन आत गेले आणि कणीक मळायला घेतली.