धुक्यात चालणारा सौरपंप

फुकटची सहल म्हटलं की माझ्या मामेभावाला, विलासला, आधी शंका येते. नरखेड तालुक्यात त्याची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहराची संत्री उतरून झाली आणि एका संस्थेचा निरोप आला : शेजारी देश मिळून हरित ऊर्जेकडे वळतायत, तुमच्या गावातही सामायिक सौरपंप बसवू, त्याआधी नेपाळमधलं असं एक गाव दाखवून आणतो. विलासने मला नागपुरात, जरीपटक्याला फोन लावला.

"ताई, तू चाल ना वं संग. मले हे काही बरोबर वाटून नाही राह्यलं."

"काहून गा?"

"बदल्यात काय पायजे, ते कोणी सांगूनच नाही राह्यलं."

ते गाडीत कळलं. गावातले आणखी काही बागाईतदारही सोबत होते. संस्थेचे पराग सर चहा पाजता पाजता सहज म्हणाले, पॅनलसाठी विहिरीजवळची जमीन लांब मुदतीच्या कराराने द्यायची आणि पंपाची जुनी वीजजोडणी सोडायची. परतल्यावर सह्या. विलासने कप खाली ठेवला, तो पुन्हा उचललाच नाही.

नागपूरहून गोरखपूरला थेट गाडी मिळते. थंडीत जाणार असाल तर गाडी धुक्यात रखडणार हे धरूनच चला, आणि दोन स्वेटर जास्त घ्या. गोरखपूरहून बसने सोनौली. तिथून पिशव्या उचलून कमानीखालून चालत गेलो की झालं नेपाळ! मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ हवाच. आपलं सिम पलीकडे बंद पडतं, शंभराच्या नोटा मात्र दुकानदार हसत घेतात. जेवण म्हणजे डाळ, भात आणि मोहरीच्या तेलातली तरकारी. विलासने खिशातून भिवापुरी तिखटाची डबी काढली तेव्हा कुठे त्याचा घास उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचलो. धुकं इतकं, की हारतुरे घेऊन उभ्या असलेल्या बाया आधी नुसत्या सावल्यांसारख्या दिसल्या. पंप धो धो चालू होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फोटोसाठी फोन वर केला आणि थबकले. पॅनलवर दव साचलं होतं. सूर्याचा पत्ता नव्हता.

"विलास," मी हळूच म्हटलं, "हा चालतो कशावर?"

तो सरळ पंपाच्या शेडमागे गेला. मी मागोमाग. धानाच्या पेंढ्याखालून एक काळी केबल थेट विजेच्या खांबाकडे गेली होती. आम्ही वाकून बघत होतो आणि मागून आवाज आला.

"किसने भेजा आपको?"

गावातल्या महिला गटाच्या प्रमुख, सरिता चौधरी. चेहऱ्यावर आमच्याइतकाच संशय.

"किसी ने नहीं," विलास म्हणाला. "हमारे यहाँ भी यही लगने वाला है."

त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं. "हमको तो बोला, इंडिया वाले जाँच करने आ रहे हैं. पंप बंद दिखा तो उठा ले जाएँगे."

मग सगळं बाहेर आलं. पॅनलची वीज पंपाला पुरवणारा कंट्रोलर पावसाळ्यातच जळाला होता. तो भाग भारतातून यायचा, आणि प्रत्येक फोनवर 'पुढच्या आठवड्यात' एवढंच उत्तर. पाहुणे येणार म्हणून संस्थेतल्या कोणीतरी खांबावरून लाइन ओढायला सांगितली.

"और पुराना कनेक्शन?" विलासने विचारलं.

"कागज़ पर छोड़ा. खंभे पर नहीं."

विलास इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "हम कुछ उठाने नहीं आये, दीदी. बोलना है तो आप बोलिए, नहीं तो हम चुप."

जेवणाच्या पंगतीत सरितादीदी उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर बोलल्या. पराग सर म्हणाले, आपल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. खरं असेल. त्यांच्या हातातला भात मात्र तसाच राहिला. निघताना विलासने जळक्या कंट्रोलरचा फोटो काढून घेतला आणि तिखटाची डबी दीदींना देऊन टाकली.

नागपूरला पोचल्यावर आम्ही तो फोटो घेऊन बाजारात फिरलो. तिसऱ्याच दुकानात तसलाच कंट्रोलर फळीवर धूळ खात पडलेला! ज्या भागासाठी एक गाव पावसाळ्यापासून वाट बघत होतं, तो आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होता. मला राग कोणाचा आला, हे अजून ठरवता आलेलं नाही.

बागाईतदारांनी वर्गणी काढली. विलास पुन्हा तीच गाडी धरून गेला, सीमेवर पावती दाखवून, रीतसर जकात भरून. चार दिवसांनी त्याने व्हिडिओ पाठवला : लख्ख ऊन, पाण्याची धार, आणि तोंडाला पदर लावून हसणाऱ्या सरितादीदी.

शेजारी देशांचं सहकार्य म्हणतात ते हेच का, मला सांगता येणार नाही. मी जे पाहिलं ते एवढंच : एकमेकांवर संशय घेणारी दोन माणसं शेडमागे भेटली आणि खरं बोलली. संस्थेवर माझा अजूनही विश्वास नाही.

परवा पराग सरांचा फोन आला. जोडणी सोडायची अट काढलीय, आता तरी भावाला सही करायला सांगा. मी विलासला निरोप दिला.

"करतो ना," तो म्हणाला. "पण पहिले पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक कुठी राह्यते, त्याचं घर दाखव म्हणा मले."