मेला त्यानं कूलर भरायचा

किस्से कोणी जमवत नाही. कूलरच्या टाकीत गाळ बसतो तसे ते बसत जातात आणि मोसम संपल्यावर टाकी उलटी केली की कळतं, अरे, एवढं सगळं खाली होतं! यंदाचा आमचा मोसम संपलाय, मला तर एका जागी बसवत नाहीये, म्हणून म्हटलं, आपणच टाकी उलटी करावी.

महाल भागात नितीनचं चष्म्याचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर. दर रविवारी दुपारी मंगेश, पल्लवी आणि मी तिथं जमतो आणि चौघं मिळून एकच गेम खेळतो. गेममध्ये युद्धानं जग जळून गेलंय, उरलेली माणसं भंगारावर जगतात आणि आपला माणूस त्यातून वाट काढतो. कंट्रोलर एकच, तासातासानं फिरतो. मधेच कोणाच्या हातून माणूस मेला, तर त्यानं लगेच कंट्रोलर पुढच्याला द्यायचा आणि खालच्या नळावरून बादली आणून कूलर भरायचा. मे महिन्यात, भर दुपारी, तो अरुंद जिना! त्यामुळे आमच्याकडे मरणाला सगळे फार घाबरतात.

यंदा त्या गेमचा नवा भाग आला, वरून डाउनलोड करून जोडायचा. आटलेल्या समुद्राचा भलामोठा प्रदेश आणि शेवटी एक धरण. धरणाचं दार उघडलं की भाग संपला. इकडे मंगेशला बंगलोरला नोकरी लागली होती, जून लागला की तो जाणार. कॉलेजपासून आम्ही चौघं एकत्र, म्हणून ठरलं की तो जायच्या आत धरण उघडायचं. ठरवलं चौघांनी, पण जीव वरखाली होत होता तो एकट्या माझा.

* * *

सुरुवातच डाउनलोडपासून रखडली. एवढा मोठा भाग, तो रात्रंदिवस चालू ठेवावा लागे, आणि नितीनची आई, म्हणजे आमच्या काकू, खोलीत माणूस दिसला नाही की बटण बंद करत. दोनदा सगळं पहिल्यापासून. नितीननं समजावलं, तर म्हणाल्या, "खोलीत कोणी नाई, मंग बिजली कोणासाठी जाळून राहिला?"

शेवटी मंगेशनं डोकं लावलं. बटणाला देवळातला लाल धागा गुंडाळला आणि गुपचूप खाली आला. त्यानंतर काकूंनी बटणाला हात लावला नाही. उलट डाउनलोड पूर्ण झालं तेव्हा पाहिलं, तर बटणावर हळदीकुंकू होतं.

* * *

पल्लवी शाळेत शिकवते. तिच्या हाती कंट्रोलर असताना एक वाटाड्या भेटला. समुद्राच्या तळातून सरळ धरणापर्यंत नेणार होता. पण तो बोलायचा फार. आपलं गाव, आपली म्हैस, आपली गेलेली बायको, थांबायलाच तयार नाही. आम्ही जरा उसाचा रस आणायला खाली उतरलो आणि परत आलो, तर वाटाड्या आडवा.

"काहून मारला वं त्याले?" नितीननं विचारलं.

"तीनदा गप बस म्हटलं," पल्लवी म्हणाली.

मग वाटाड्याशिवाय लांबच्या वळशानं जावं लागलं. दोन रविवार गेले. मी चिडून पाय हलवत बसलो, आणि पल्लवीनं मलाही एकदा गप बस म्हटलं. मी लगेच बसलो.

* * *

आता मंगेश. आमच्यात तो एकटाच असा की त्याच्या हातून माणूस कधीच मेला नाही. इतक्या उन्हाळ्यांत त्यानं एकदाही कूलर भरलेला नाही! खेळतो कसा, तर प्रत्येक कोपरा पाहणार, प्रत्येक दगडामागे बसणार आणि सापडेल ते उचलणार. तारा, डबे, फाटके बूट. त्याची नरखेडकडे संत्र्याची बाग आहे आणि तिथंही तो मोडका नट फेकत नाही म्हणे.

या भागात त्याला पाण्याचा जुना पंप सापडला. तो उचलला की आपला माणूस पळू शकत नाही, वजनानं डुलत चालतो. आटलेल्या समुद्रात आम्ही आठवड्यामागून आठवडे डुलत चाललो. मी म्हटलं, बाबा, फेक तो पंप, तुझी गाडी सुटायची वेळ आली.

"विहीर भेटली त?" मंगेश म्हणाला.

संपूर्ण प्रदेशात विहीर नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं, नकाशा त्यानंच पाठ केला होता.

* * *

एका वस्तीत म्हातारी भेटली. तिनं वाडग्यातून रस्सा पुढे केला. मंगेशनं बरोबर ओळखलं की त्यात विष असू शकतं, आणि तिला नको म्हणून तो पुढे निघाला. काकू मागे भाजी निवडत होत्या, त्यांना ते अजिबात आवडलं नाही. चार घास खाल्ले असते तर काय बिघडत होतं, एकटी बाई आहे बिचारी, असं त्या बराच वेळ पुटपुटत राहिल्या. फिरत फिरत पाळी नितीनकडे आली. पोराला ऐकवेना. परत फिरला, रस्सा प्यायला आणि जागीच मेला.

नितीन बादली घेऊन निघाला तेव्हा काकू म्हणाल्या, "जाऊ दे. तिचं मन त राहिलं."

* * *

शेवटचा रविवार. मंगेशचं सामान आदल्या दिवशीच ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलं होतं. काकूंनी तर्री-पोहे केले, मंगेशनं दोनदा घेतले. आम्ही धरणाखाली पोचलो होतो. पहारेकऱ्यांशी लढताना पल्लवी मेली, तिनं खाली-वर करून कूलर काठोकाठ भरला. मग नितीननं उरलेले पहारेकरी उडवले, भिंतीवर चढला, तास संपला आणि कंट्रोलर मंगेशकडे आला.

समोर दाराचं चाक. एक बटण दाबायचं, चाक फिरणार, पाणी सुटणार. मला तर बसवेचना. मी उठून टीव्हीजवळ जाऊन उभा राहिलो.

"फिरव न गा," मी म्हटलं. "काय पाहून राहिला?"

मंगेशनं माणसाला चाकापासून वळवलं. पंपासकट, डुलत डुलत, भिंतीच्या कडेपर्यंत नेलं. तिथं थोडा थांबला आणि अंगठा पुढं दाबला.

खाली कोरडा खडक होता. पडदा लाल झाला.

मंगेशनं कंट्रोलर माझ्या हातात दिला, दाराजवळची बादली उचलली आणि जिना उतरला. खाली नळ वाजत राहिला. तो वर आला तेव्हा नितीन हळूच म्हणाला, "अबे, पल्लवीनं आत्ताच भरला. टाकी फुल आहे."

मंगेशनं कूलरची बाजूची जाळी काढली आणि बादली ओतली. पाणी टाकीवरून सांडलं, फरशीवर पसरत आमच्या पायांपर्यंत आलं. काकू फडकं घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

मग तो दुसरी बादली आणायला खाली गेला.