नॉर्वलचा पासवर्ड

आर्डिस टोलेफसन आमच्या टाउनची क्लार्क. कुत्र्यांच्या परवान्यांपासून निवडणुकीपर्यंत सगळा कारभार तिच्याच अंगावर. मी लग्न होऊन अमेरिकेच्या या उत्तर टोकाला आले त्याला जमाना लोटला. मतदानाच्या दिवशी केंद्रात टेबलामागे बसायचं कामही तिनेच माझ्या गळ्यात मारलं. मतमोजणी यंत्राच्या खोलीची किल्ली ती गळ्यातल्या साखळीत घालून मिरवायची. ती सोबत असताना कुणाला कसली काळजी नव्हती.

मग राज्याच्या राजधानीत नवा कायदा झाला. बाहेरच्या कुणी कॉम्प्युटरमधून शिरून मतांशी खेळ करू नये म्हणून. यंत्राच्या खोलीत एकट्याने जायचं नाही. विरुद्ध पक्षांची दोन माणसं हवीत, दोघांचे लांबलचक पासवर्ड वेगवेगळे, आणि एकाचा दुसऱ्याला कळला तर तिथल्या तिथे सांगायचं. अशी जोडी वेळेत मिळाली नाही तर गावातलं मतदान बंद. सगळ्यांनी दूर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, गावी जायचं. ऐन नोव्हेंबरच्या बर्फात आमची म्हातारी मंडळी तिथवर जातील हे कुणी खरं मानेल का?

"म्हणजे इतकी वर्षं मी चोर होते?" आर्डिस कडाडली.

"तू नाहीस गं बाई. पण चोराने तुझं नाव घेऊन यायला नको ना!" मी म्हटलं.

आर्डिस रिपब्लिकन. गावात डेमोक्रॅट बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतला हिवाळ्यात इथे टिकणारा, अजून गाडी चालवणारा एकच. नॉर्वल. आर्डिसने सोडलेला नवरा. दोघं एकाच चर्चमध्ये जायची, पण बाकं वेगळी, आणि बोलणं तर कित्येक वर्षांत नाही.

तरी तिने फोन केला. गावाचं मतदान जाऊ द्यायची ती नव्हे.

काउंटीच्या कचेरीतली जोलीन या जोडीची परीक्षा घ्यायला आली. पहिल्या खेपेला नॉर्वल पासवर्डच विसरला आणि नापास झाला. ही दुसरी खेप, आणि शेवटची. त्याने टाइप करायचं, आर्डिसने पाठ फिरवून उभं राहायचं, मी साक्षीदार.

नॉर्वल एका बोटाने टाइप करतो, आणि करताना पुटपुटतो. "ब्लूबेल... हेझल... ग्रेटा..."

यंत्राने पासवर्ड घेतला. जोलीन हसली. झालं, सुटलो, असं मला वाटलं.

आर्डिस मात्र तशीच पाठ फिरवून उभी. मग वळली आणि म्हणाली, "जोलीन, त्याचा पासवर्ड मला कळला."

"मी काही ऐकलं नाही," जोलीन म्हणाली. पोरगी चांगल्या मनाची होती.

"मी ऐकलंय. त्या आमच्या गाई आहेत. गोठ्यात ज्या ओळीने उभ्या असायच्या त्या ओळीने म्हणतोय तो. पुढची डेझी."

नॉर्वलचा चेहरा लालबुंद झाला. दुधाचा भाव पडला तेव्हा त्याने सगळा गोठा विकला होता. गाई नेल्या त्या दिवशी त्याने हूं की चूं केलं नाही, आत येऊन गपचूप सूप प्यायला. ज्याला गाईंचं काही वाटलं नाही त्याला माझं काय वाटणार, असं म्हणून आर्डिस बहिणीकडे गेली, ती गेलीच. हे सगळ्या गावाला ठाऊक.

जोलीनने सुस्कारा टाकला. "मग बदला. आत्ता. तिला माहीत नसेल असं काहीतरी."

"हिला माहीत नसलेलं मी कुठून आणू?" नॉर्वल म्हणाला. तो बसूनच राहिला. मला तर वाटलं, गेलं गावाचं मतदान. मग त्याने ओठ घट्ट मिटले आणि बोट चालवलं. दोनदा केलं, दोन्ही वेळा बरोबर. जोलीनने सही केली.

आम्ही बाहेर गाड्यांपाशी आलो. मी मुद्दाम मागे रेंगाळले. हो, ऐकायलाच.

"ओळ अजून पाठ आहे तुझी?" आर्डिसने विचारलं.

"रोज म्हणतो. झोप लागेस्तोवर."

"आणि त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस नाही काढलंस?"

नॉर्वलने टोपी काढली, हातात फिरवली. "तू रडत होतीस गं. मीही रडत बसलो असतो, तर त्यांना ट्रकमध्ये कोणी चढवलं असतं?"

आर्डिसने तोंडावर हात धरला आणि ती तिथेच, बर्फात, रडायला लागली. या खेपेला ट्रकमध्ये कुणाला चढवायचं नव्हतं. नॉर्वलही रडला.