ओतकामाच्या दिवशी यादी नको

मे १९९६, मंगळवार. सांगलीची आमची ओतशाळा. केबिनमध्ये हजर: मालक, कामगार अधिकारी कांबळे साहेब आणि टाइपरायटरपाशी मी. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं, ते अकरा जण बाहेर भट्टीवर.

मोठ्या गिऱ्हाइकानं माल घेणं थांबवलं होतं. अकरा माणसं कमी करायची होती आणि मालकांना यादी लगेच फलकावर हवी होती. कांबळे साहेब चष्मा काढून म्हणाले, "आज ओतकाम आहे. हातात लोखंडाचा रस असलेल्या माणसाला घाबरवायचं नसतं. उद्या एकेकाला बसवून सांगू."

"कांबळे, प्रवचन पुरे."

"जाणाऱ्याला आपण कसं पाठवतो, ते राहणारा बघत असतो, साहेब. त्याचं मन उडालं की माल बिघडतो. बिघडलेला माल तुमचाच."

मालकांनी एक दिवस दिला. कुठे बोलायचं नाही, अशी मला ताकीद मिळाली. मी मनात मोजलं: आज अकरा, उद्या बारावी मी.

पाण्याच्या टाकीपाशी धोंडीरामनं मला गाठलं. रसाचं भांडं उचलणारा, जुना माणूस. "ताई, माजं नाव हाय का वो?" मला खोटं बोलता आलं नाही. मी होकारार्थी मान हलवली.

अर्ध्या तासात आरडाओरडा ऐकू आला. भांडं कललं होतं आणि रस धोंडीरामच्या पायावर सांडला होता.

कांबळे साहेब त्याला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेल्या दहा जणांना एकेक करून बोलावलं. प्रत्येकासाठी खुर्चीतून उठले, चहा दिला, कारण सांगितलं आणि विचारलं, "तुला आणखी काय काय येतं?" तेवढं मी टाइप करायचे आणि ते कागद घेऊन साहेब स्कूटरवरून कारखाने पालथे घालायचे. धोंडीरामला साताऱ्यात बसून करायचं काम मिळालं. तो लंगडतो.

वर्षभरात गिऱ्हाईक परतलं. राहिलेल्यांपैकी एकही जण सोडून गेला नव्हता आणि गेलेल्यांतले चौघे एका निरोपावर परत आले. माल वेळेवर गेला. मालक म्हणाले, "कांबळे, प्रवचन फळलं की!"

साहेब हसले नाहीत. "धोंडीरामला माझ्या तोंडावरून कळलं असणार," असं ते मला अनेकदा म्हणाले. "मी त्या दिवशी भट्टीकडे फिरकायलाच नको होतं." दर वेळी मी कागदात डोकं घालायचे.

धोंडीरामला मी दवाखान्यात भेटले होते. तो हळूच म्हणाला होता, "सायबांनी इचारलं. मी म्हनलं, कुनी सांगितलं न्हाई. तुमी बी बोलू नका ताई, न्हाईतर तुमचं बी नाव यील यादीत."

मी बोलले नाही. साहेब निवृत्त होऊन साताऱ्यात राहतात. ओतशाळेतली माझी नोकरी सुटूनही वर्ष झालं, म्हणजे आता घालवण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी साताऱ्याला जाणं होत नाही. दोनदा तिकीट काढलं, दोनदा अर्ध्या वाटेत कराडला उतरून परत आले. या महिन्याच्या कामांच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहिलंय: साहेबांना सांगणे. बाकीच्या ओळींवर काट मारून झाली आहे.