कमानीवरचं दीपगृह

माझं माहेर कोकणातल्या एका बंदरात. तिथल्या नगरपालिकेच्या चिन्हावर गलबत, नारळ आणि दीपगृह. नारळाच्या जागी पूर्वी साहेबाचा मुकुट होता. साहेब गेल्यावर मुकुट खरवडला आणि तिथे नारळ बसवला. बंदरावर नोकरी केलेले माझे वडील हे येईल त्या पाहुण्याला सांगत. "गलबताचं तोंड बघा, जमिनीकडे आहे. गेलेला माणूस परत यावा म्हणून!" ऐकता ऐकता पाहुण्याचा चहा निवून जाई.

लग्न होऊन मी मंचरजवळच्या या गावात आले आणि शाळेत चित्रकला शिकवू लागले. गेल्या वर्षी गावाच्या कमानीसाठी ग्रामपंचायतीला चिन्ह हवं झालं, ते काम माझ्या गळ्यात पडलं. मग काय, सूचनांचा पूर. एकाला शर्यतीचा बैल हवा, तोही स्वतःचाच. दुसऱ्याला कांदा. पेठेतल्या शेटजींना तराजू. आणि उपसरपंचांना बिबट्या, कारण "त्यो बी गावातच ऱ्हातो की राव!"

सगळं कोंबून डाव्या कोपऱ्यात बोटभर जागा उरली. वडील जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी तिथे आमचं दीपगृह काढलं. कुणाला विचारलं नाही; चोरीच म्हणा. सभेत ते खोडतील अशी धास्ती होती.

सरपंचांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "म्याडम, हे लई ब्येस केलं. देवळापुढची दीपमाळ!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात शेटजींना शंका आली. "पण हिला पणत्या ठेवायला दगडी हात न्हाईत. तेवढे काढा की."

झालं! हात काढले की ती दीपमाळच होणार.

"न्हाई," मागून माझे सासरे म्हणाले. सभेत कधी तोंड न उघडणारा माणूस. "हाय तशीच ऱ्हाऊ द्या."

बैल इतका देखणा उतरला होता, की वाद घालायला कुणाला सवड नव्हती. चिन्ह मंजूर झालं.

घरी येताना मी विचारलं, "मामंजी, तुम्ही का अडवलंत?"

"दीपमाळ व्हय ती? तुझ्या लग्नाची बोलणी करायला आलो, तवा तुझ्या बापानं मला त्या दीपगृहाच्या पार टोकावर चढवला व्हता. गुडघं अजून दुखत्यात. वर गेल्यावर म्हनला, 'पोर लई लांब चाललीया, सांभाळा.'"

मी भर रस्त्यात रडू लागले. सासरे चार पावलं पुढे जाऊन पाठ करून थांबले.