दांडिया बाजारातलं जेवण

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आयोजकांनी आम्हाला मोकळं सोडलं आहे. बाकीचे सगळे बसमधून राजवाडा बघायला गेलेत. माझ्या खोलीत नांदेडच्या इंगोले मॅडम आहेत, त्याही गेल्या. मी जरा पाठ टेकते म्हणून मागे राहिले आणि साडी न बदलताच आडवी झाले. पंखा कुरकुरतोय, खिडकीखाली कुणी तरी रिक्षा सुरू करायची खटपट करतंय, आणि ती काही सुरू होत नाही. डोळा लागतोय न लागतोय तोच पायाशी कुणीतरी बसतं आणि गादी खचते.

"ऊठ," हे म्हणतात. "बडोद्याला येऊन झोपतेस?"

हे म्हणजे माझे यजमान, उपेंद्र. श्रावणात गेले. मला ते माहीत आहे, झोपेतसुद्धा माहीत आहे, आणि तरी मी आधी केस सारखे करते आणि पलंगाखाली चपला शोधायला लागते. आले आहेत तर आले आहेत. विचारत बसलं की माणूस जातो.

मी सांगलीला कॉलेजात भूगोल शिकवते. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावी परिषद असते आणि हे दरवर्षी सोबत यायचे. चित्रकलेचे शिक्षक, लवकर निवृत्त झालेले, त्यामुळे वेळच वेळ. मी सभागृहात लोकांचे निबंध ऐकत जांभया द्यायची आणि हे गावात भटकायचे. चहाच्या सुट्टीत येऊन सांगायचे, इथं एका गल्लीत नुसत्या घंटा ओततात, तिथं एका देवळाचा पुजारी झोपूनच आरती म्हणतो. "तू भूगोल शिकवतेस, करतो मी," असं वर ऐकवायचे. त्यात खोटं काही नव्हतं. हॉटेलातून बाहेर पडल्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे, हे मला अजून कळत नाही. ह्यांच्याशिवायची ही माझी पहिलीच परिषद आहे.

आम्ही जिना उतरतो आणि खाली स्वागतकक्ष नसतोच, एकदम दांडिया बाजार असतो. हे पुढे, हात मागे बांधून, शाळेतली तपकिरी पँट घालून. पाट्या गुजरातीत आहेत, पण हे त्या घडाघडा वाचतात. इथं आपली माणसं गायकवाडांच्या काळापासून राहतात, ऐकत चल, असं मला सांगतात. लाकडी सज्ज्यांची घरं दोन्ही बाजूंनी पुढे झुकलेली आहेत. एका सज्ज्यातून एक बाई वाळत घातलेली चादर बाजूला करून खाली बघतात.

"आज बाईंना घेऊन आलात सर?" त्या अस्सल मराठीत विचारतात.

"आणली एकदाची," हे म्हणतात.

एकदाची म्हणजे काय, ते मी विचारत नाही. म्हणजे हे इथं रोज येतात. मी सांगलीत रिकाम्या खुर्चीसमोर बसून चहा पिते आणि हे इकडे बडोद्यात ओळखी वाढवतात. मला मनापासून राग येतो. किती महिन्यांनी असा साधा, घरातला राग आलाय.

कोपऱ्यावर सेव-उसळीची गाडी आहे. वाटाण्याची उसळ, वर शेव, वर लाल कट. गाडीवाला विचारतही नाही, ह्यांच्या हातात प्लेट देतो. ह्यांच्या डोळ्यांत हावरेपणा दिसतो, तोच जुना, ज्याच्यावरून मी आयुष्यभर भांडले. पण हे खात नाहीत. प्लेट हातात धरून चालायला लागतात.

"खा की," मी म्हणते. "गार होईल."

"खाईन."

गल्ली वळते आणि तिथं आमच्या परिषदेच्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं एका बंद दाराकडे तोंड करून बसली आहेत. हे ओठांवर बोट ठेवतात, निबंध चाललाय म्हणून खुणावतात, आणि आम्ही खुर्च्यांमधून अंग चोरून पुढे जातो. पुढची गल्ली शाळेचा वऱ्हांडा आहे. भिंतीवर मुलांनी काढलेले मोर आहेत, सगळ्यांचे पाय काढायचे राहिलेत. ह्यांच्या हातातल्या उसळीतून अजून वाफ येते आहे. हे तिच्याकडे बघतात आणि आवंढा गिळतात.

तेव्हा मात्र मला राहवत नाही. श्रावणापासून घशात अडकलेलं मी विचारते.

"तुमचं काय राहिलं होतं? कावळा का शिवला नाही?"

दहाव्याला आम्ही हरिपूरच्या संगमावर गेलो होतो. पिंड ठेवले. कावळे समोरच्या झाडावर ओळीनं बसलेले, आणि एक खाली येईल तर शपथ. लोक म्हणाले, जीव कशात तरी अडकलाय, शब्द द्या. धाकट्या दिरांनी हात जोडून शब्द दिला, केतकीचं लग्न थाटात करून देऊ. केतकी रडत म्हणाली, बाबा, तुमचे रंग नि ब्रश मी कुणाला देणार नाही. कुणी म्हणालं, घराचा वरचा मजला बांधू म्हणा. तेही म्हणून झालं. ऊन चढलं, लोक घड्याळं बघायला लागले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. चालतं तसंही, म्हणाले. सगळ्यांचं चाललं, माझं नाही. तीस-बत्तीस वर्षं एका ताटात जेवलो आणि ह्यांना काय हवं होतं, तेवढं मला सांगता आलं नाही. तेव्हापासून मी रोज एकेक गोष्ट आठवते आणि हवेत शब्द देते. कोकणात जाऊन राहू. तुमच्या त्या मित्राशी बोलेन. वरणात गूळ घालणार नाही.

हे ऐकून घेतात आणि हसतात. मग विषय बदलतात. ह्या वाड्याची कमान बघ, त्या दुकानातली शाई बघ. मी ह्यांची बाही धरते. आता सोडायची नाही.

गल्ली संपते आणि पाणी लागतं. मला वाटतं, सूरसागर तलाव असणार, नकाशात जवळच दाखवला होता. पण पायऱ्या ओळखीच्या आहेत. संगमाच्या पायऱ्या आहेत. कृष्णा संथ आहे आणि समोरच्या झाडावर ओळीनं कावळे आहेत.

हे खाली वाकून प्लेट पायरीवर ठेवतात आणि तिच्यापासून लांब, पाण्याजवळ जाऊन बसतात. पावसात भिजलेल्या कुत्र्यासारखे दिसतात, केविलवाणे. मी प्लेटपाशी उभी.

"माझं काही राहिलं नव्हतं शैलू," हे म्हणतात. "लग्न केतकी तिचं तिचं करेल. वरचा मजला कुणाला हवाय? मला नुसती भूक लागली होती."

"मग?"

"गुरुजी म्हणाले, मागं सरा. सगळे सरले. तू सरलीस का?"

मी पायाशी ठेवलेल्या प्लेटकडे बघते.

"माणूस पायाशी उभं असताना कावळा खाली येतो होय? भूगोलाच्या बाई तुम्ही, एवढं ठाऊक नाही?"

"ठाऊक होतं," मी म्हणते. "मी सरले असते तर तुम्ही जेवला असता आणि गेला असता."

"अगं, मी गेलोच होतो."

"गेला नव्हता. आत्ता इथं बसलाय ना?"

हे पाण्याकडे तोंड वळवतात. पाण्यात पाय सोडून बसून राहतात. आयुष्यभर असंच. मी वाद जिंकायची आणि मग ह्यांचा चेहरा बघून जिंकल्याचं वाईट वाटायचं. किती वाळलेत हे. मनगटाचं हाड वर आलंय. दवाखान्यात शेवटी शेवटीही इतके नव्हते. मला वाटत होतं, मी ह्यांना जवळ ठेवलंय. मी ह्यांना उपाशी ठेवलंय.

"बघ," हे हळूच म्हणतात, "जमलं तर."

मी एक पाय मागच्या पायरीवर टाकते. मग दुसरा. पायऱ्या वर जात राहतात आणि मी उलटी चढत राहते, डोळे ह्यांच्यावरून न काढता. मागं सरून उभ्या असलेल्या लोकांच्या रांगेपर्यंत येते. दीर आहेत, केतकी आहे, त्या सज्ज्यातल्या बाई आहेत. त्या मला हात धरून आपल्यात उभं करून घेतात.

आणि हे जेवतात. कावळा येतो की हे स्वतःच येतात, ते मला नीट दिसत नाही, डोळे भरलेत. खाली मान घालून, भुरके मारत, शेवेचा शेवटचा तुकडा बोटानं टिपून. मग पायऱ्या चढून माझ्यापाशी येतात. इकडेतिकडे बघतात आणि घरी टॉवेल समोर असतानाही करायचे तसं, माझा पदर ओढून त्याला हात पुसतात.

"मीठ कमी होतं," म्हणतात.

मी म्हणणार असते, थांबा. म्हणत नाही.

खोलीतला दिवा लागतो. इंगोले मॅडम परत आल्यात, चपला काढता काढता राजवाड्यातल्या तलवारींबद्दल सांगताहेत. मी उठून बसते. पंखा चालू आहे, बाहेर अजून थोडं ऊन आहे.

"तुम्ही पण बाहेर जाऊन आलात वाटतं," त्या जवळ येऊन म्हणतात. "काय खाल्लंत? पदराला बघा केवढं लागलंय."

मी पदर हातात घेते. टोकाला बोटं पुसल्याचे लाल, तेलकट पट्टे आहेत. अजून ओले आहेत. कटाचा वास येतोय.

मॅडम न्हाणीघरातून साबण घेऊन येतात, लगेच धुतलं तर जाईल म्हणतात. मी पदर मुठीत धरते आणि त्यांना नको म्हणते.

"मी नाही खाल्लं," मी म्हणते. "हे जेवले."

मॅडमना ह्यांचं माहीत आहे. त्या साबण हातात तसाच धरून माझ्याशेजारी पलंगावर बसतात. आणि संगमावर सगळे रडत असताना मी कोरडी उभी होते, ती आत्ता तोंडात पदर कोंबून रडते, कारण ह्यांचं पोट भरलंय आणि आता परत यायचं काही कारण उरलेलं नाही.